एकास एक मापाचं घर

नवचैतन्य सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त गुणाजी परबांची राहिली होती. इमारतीच्या नावात होतं तेवढंच चैतन्य. बाकी तिच्या गॅलऱ्या लोखंडी टेकूंवर उभ्या होत्या आणि जिना चढताना कुणी भिंतीला हात लावत नसे, न जाणो भिंत हातात यायची. नवी इमारत बांधून द्यायला बिल्डर तयार होता, पण त्याला एकूण एक सही हवी होती. एकही कमी पडली तर आपण पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीशी बोलणी करू, असं त्याने चहा पिता पिता अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

गुणाजी हट्टी म्हातारा नव्हता, हीच तर गंमत. मोहने गावच्या कारखान्यात उभा जन्म पाळ्या केल्या, पण कुणाशी कधी आवाज चढवला नाही. आता मात्र सहीचं नाव काढलं की ते खिडकीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, "मला हे घर बरं आहे." का बरं आहे, ते काही सांगायचे नाहीत. मोरीत पाणी तुंबायचं, पंखा गिरणीसारखा आवाज करायचा, छताचा पोपडा एकदा सरळ वरणात पडला होता. तरी बरं आहे.

त्यांच्या मुलीला, योगिनीला, या माणसाचं काय करावं कळेना. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. हल्ली बाबांचं सगळंच विचित्र झालं होतं. पेपर बंद केला, "सगळं खोटं छापतात" म्हणून. ती घरी यायच्या आधी तिन्हीसांजेला दिवा लावत नसत, "बिल काय कमी येतं?" म्हणून. एकदा तिने झाडू मारताना स्टूल खिडकीजवळ सरकवलं आणि परत जागेवर ठेवायचं विसरली, तर त्या स्टुलावरून या शांत माणसाने असा काही तमाशा केला की शेजारची दारं उघडली. योगिनीला वाटलं, वय झालं. सोसायटीला वाटलं, बिल्डरकडून जास्त उकळायचा डाव आहे. तळमजल्यावरच्या शीलाकाकूंनी परबांकडे अळूवड्या पाठवणं बंद केलं, आणि शीलाकाकूंच्या अळूवड्या बंद होणं म्हणजे नवचैतन्यात वाळीत टाकणंच.

योगिनीचं कोपर स्टेशनबाहेर प्लॉटिंगचं दुकान होतं. आर्किटेक्ट कंप्युटरवर नकाशा काढतात तेव्हा त्यांच्या फाइलला सगळं ठाऊक असतं: ही भिंत, हे दार, हा संडास. पण मोठ्या कागदावर नकाशा ओढणारा योगिनीचा प्लॉटर जुना होता, आणि चांगलाच ठोंब्या. त्याला फक्त पीएलटी फाइल कळायची, आणि पीएलटीमध्ये नुसते हुकूम असतात. पेन उचल, इकडे जा, पेन टेकव, तिथपर्यंत ओढ, पुन्हा उचल. आपण माणसाचं घर काढतोय की देवीच्या मखराची कमान, याचा त्याला गंधही नसतो. एका फाइलची दुसरी करायची आणि कागद काढून द्यायचा, हाच योगिनीचा धंदा. त्यात सांभाळायचं ते एकच, माप. खरी भिंत कागदावर केवढी उतरवायची, ते फाइल बदलतानाच सांगावं लागतं. एकदा हुकूम सुटले की प्लॉटर कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी जगन भोईर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आला. "हा तुमच्या नव्या फ्लॅटचा प्लॅन. मोठा काढ गं योगिनी. छोट्या कागदावर म्हाताऱ्याला काय डोंबल दिसणार? असा काढ, की माणूस आत शिरला पाहिजे!"

हे तो आपला बोलण्याच्या ओघात बोलला. पण नवरात्र तोंडावर आलेलं. या दिवसांत दुकानात नकाशे कमी आणि महिरपी, मोर, कळस जास्त. डेकोरेटर लोकांना सगळं एकास एक मापात लागतं, म्हणजे खरी कमान जेवढी, तेवढाच कागद. तो कागद ते सरळ प्लायवर चिकटवतात आणि करवत चालवतात. त्यामुळे योगिनीचं सगळं काम आठवडाभर एकास एकवरच चाललं होतं. तिने बाबांच्या नव्या घराची फाइल उघडली, तिची पीएलटी केली, नवा रोल लावला, हुकूम सोडले आणि ठाण्याला टेंभी नाक्यावर मखराचे कागद द्यायला निघून गेली. एवढ्या घाईत माप कोण बघतं.

परत आली तर कागद दुकानाच्या दारातून बाहेर येऊन फुटपाथ ओलांडत होता. शेजारचा इस्त्रीवाला त्याचं एक टोक दोन्ही हातांनी अदबीने धरून उभा होता.

"दीदी, किचन आ गया," तो म्हणाला. "बेडरूम अभी निकल रहा है."

प्लॉटरने घराच्या लांबच लांब पट्ट्या पाडल्या होत्या आणि एकेक पट्टी ओकत होता. डोंबिवलीतलं एक मध्यमवर्गीय घर एका रोलमध्ये जवळजवळ पुरं बसतं, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. योगिनीने कपाळाला हात लावला. अख्खा रोल गेला, आणि हा कागद कुणाला दाखवायचा? गुंडाळून माळ्यावर टाकावा या विचाराने ती खाली वाकली, तेवढ्यात जगन आला, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि भारावून म्हणाला, "ह्याला म्हणतात काम! मी बोललेलो तसंच केलंस तू."

आता चूक झाली म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. जगनने रात्रीतून सोसायटीत निरोप फिरवला, की उद्या सकाळी परबांचं नवं घर देवीच्या मांडवात बघायला मिळेल.

मांडव कंपाउंडमध्येच होता. देवी अजून यायची होती, तिच्या आधी घर आलं. फळ्यांच्या तळावर पट्ट्या शेजारी शेजारी पसरून चिकटपट्टी लावली, तेव्हा हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम असं सगळं घर आडवं पडून वर बघायला लागलं. लोक आधी कडेने उभे राहिले. मग शीलाकाकूंनी चपला काढल्या. त्यांनी काढल्या म्हणून बाकीच्यांनी काढल्या, आणि तिथून सगळं बिघडलं.

दुसऱ्या मजल्यावरचा मधु रिक्षा चालवायचा. वळणं घेण्याचा त्याला मुळात कंटाळा. तो हॉलच्या भिंतीवरून टांग टाकून आत येत होता, त्याला जगनने हटकलं.

"ए मध्या, दार कशाला ठेवलंय?"

मधु ओशाळला. वळसा घालून दाराशी गेला आणि "टिंग टाँग" म्हणाला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी, मधु."

"ये, उघडंच आहे."

पण ते उघडं नव्हतं. नकाशात दार उघडण्याची एक चंद्रकोर असते आणि त्या चंद्रकोरीत दोन बायका गप्पा मारत उभ्या होत्या. "सरका गं, दार लागेल!" असा ओरडा झाला, तेव्हा त्या दचकून मागे सरकल्या आणि मधु आत आला. येऊन बसायला जागा बघत बघत तो जिथे टेकला तो संडास निघाला. ओट्याजवळच्या बायकांनी पटापट तोंडं फिरवली. "निदान दार तरी लावावं माणसाने," शीलाकाकू हवेत बघत म्हणाल्या.

शीलाकाकूंना ओटा पसंत पडला होता, पण चहा केल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघर कळत नाही. त्यांनी घरून छोटी शेगडी आणवली, पाटावर ठेवली आणि पेटवली. कागदाच्या घरात पेटती शेगडी! योगिनीचा जीव वरखाली झाला, पण काकूंना बोलायची कुणाची टाप होती. चहा झाला. आतल्यांना आत मिळाला, बाहेरच्यांना खिडकीतून मिळाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बेडरूममध्ये मोबाइलला रेंज येत नाही म्हणून हॉलमध्ये आले आणि तिथे ती चांगली येते असा निर्वाळा दिला. रस्त्यावरून जाणारा एक एजंट मांडवात डोकावला, दाराबाहेर अदबीने थांबला आणि "भाड्याने द्यायचा आहे का? पार्टी फॅमिलीवाली आहे, व्हेज," असं विचारून कार्ड देऊन गेला.

नकाशा जिने काढला होता ती आर्किटेक्ट मेघाली ठाण्याहून आली, तेव्हा घरात बसायला जागा उरली नव्हती. तिने हा प्रकार पाहिला आणि तिला हसू आवरेना.

"अहो, ही नुसती प्रिंट आहे. कुठूनही चाला ना."

"मग चालून दाखवा, मॅडम," जगन म्हणाला.

मेघाली तरातरा बेडरूमच्या भिंतीपर्यंत आली, पाय उचलला, क्षणभर तसाच धरला आणि परत खाली ठेवला. मग मुकाट्याने वळसा घालून दारातून आत गेली. "बरं नाही वाटत," ती पुटपुटली.

एवढं सगळं झाल्यावर योगिनी वर जाऊन बाबांना घेऊन आली. गुणाजी हल्ली बाहेर पडताना तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत. गुडघे दुखतात, असं सांगत. घर रिकामं करण्यात आलं. शीलाकाकू तेवढ्या शेगडीपाशी बसून राहिल्या, कारण दूध वर यायला लागलं होतं. जगन सहीचा कागद आणि पेन घेऊन तयारच होता.

"या गुणाजीराव. तुमचंच घर आहे. सगळीकडे फिरा, मनाची खात्री करा आणि एक सही द्या. अख्ख्या बिल्डिंगचा जीव त्या सहीत अडकलाय."

योगिनी बाबांच्या कानाशी म्हणाली, "हे दार, बाबा. इथून आत." गुणाजींनी मान डोलावली, चपला काढल्या, तिच्या खांद्यावरचा हात उचलला आणि चालायला लागले.

दारातून ते आत गेले, हॉलमधून सरळ निघाले आणि समोरच्या भिंतीतून आरपार गेले.

मांडवात "आं?" असा एकच आवाज उठला. गुणाजी आपले सावकाश, ताठ मानेने चालत होते. बेडरूमचा कोपरा त्यांनी तुडवला, बाथरूमची भिंत ओलांडली, तिथून वळले ते थेट ओट्यात घुसले. शीलाकाकूंनी किंचाळून शेगडी पाटासकट उचलली.

"अहो, भिंत! भिंत आहे तिथे!" मधु ओरडला.

गुणाजी थांबले. थांबले तेही नेमके स्वयंपाकघराच्या भिंतीत, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. बायकांना ते बघवेना.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "घर बघतोय ना."

"घर बघताय?" जगनचा आवाज चिरकला. "आमच्या छातीवरून चाललात तुम्ही! नसेल करायची सही तर तोंडाने सांगा. पण माणसं एवढ्या मायेने जमली आहेत आणि तुम्ही त्यांच्यासमोर भिंती तुडवता? हा अपमान आहे, गुणाजीराव!"

लोकांत कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, मुद्दाम केलं. कुणी म्हणालं, मुरलेला कामगार माणूस, निषेध करावा तर असा. गुणाजी हसले, जणू त्यांनी खरंच मुद्दाम केलं होतं. पण ते जगनकडे बघून हसले नाहीत. जगनच्या जरा बाजूला, मांडवाच्या खांबाकडे बघून हसले. आणि त्यांचा उजवा हात हळूच अंगापासून सुटून बाजूला गेला.

तो हात योगिनीने पाहिला. घरी बाबा असेच चालायचे. फ्रिज, मग कपाटाचा कोपरा, मग मोरीची चौकट, हात टेकत टेकत घरभर फिरायचे आणि ती आपली समजायची, गुडघे. इथे हात पुढे गेला आणि त्याला काहीच लागलं नाही. बोटं हवेत उघडमीट करत राहिली.

बंद केलेला पेपर, न लावलेले दिवे, त्या स्टुलावरून झालेला तमाशा, सगळं एकदम योगिनीच्या डोळ्यांपुढे आलं. बाबा भिंतीवर रागावले नव्हते. बाबांना भिंत दिसतच नव्हती. तिच्या प्लॉटरने ओढलेल्या एवढ्या ठळक काळ्या रेषा, आणि त्यांच्या लेखी तो सगळा कागद कोरा होता. ते घर बरं होतं, कारण ते हाताला पाठ होतं. तिने रडू आवरलं, कारण अख्खी सोसायटी समोर उभी होती, आणि ज्या माणसाने एवढे दिवस कुणाला कळू दिलं नाही त्याचं बिंग मांडवात फोडायचं तिच्या जिवावर आलं.

"बरोबर आहे बाबांचं!" ती मोठ्याने म्हणाली. "ती भिंत चुकीची आहे. म्हणून ते तिच्यातून चालले."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गुणाजींनीही मान वळवली, बरोबर आवाजाच्या दिशेने.

"कुठली भिंत?" मेघालीने विचारलं.

योगिनी सरळ घरात शिरली. दाराने शिरली, आता नसती आफत नको. "ही. आणि ती बाथरूमची. दारातून आत आलं की उजव्या हाताला सलग भिंत पाहिजे, थेट बाथरूमपर्यंत. मध्ये कोपरा नको, वळण नको. ओटा डावीकडे. कपाट भिंतीला लागून."

मेघालीने डोळे बारीक केले. "म्हणजे हे तुमचं जुनंच घर झालं. मी एवढी जागा मोकळी करून दिली होती."

"जुनंच पाहिजे आम्हाला. होईल का?"

"होईल की. या काही पिलरच्या भिंती नाहीत, सरकवता येतील. पण खरंच एवढंच हवंय?"

"मग एवढंच होतं तर तोंडाने नाही का सांगायचं!" जगनने कपाळावर हात मारला. "माणूस भिंतीतून कशाला चालतो?"

"त्यांना बोलून दाखवायला आवडत नाही," योगिनी म्हणाली.

हे कारण मात्र सोसायटीला एकदम पटलं. जगनला आता दम धरवेना. म्हाताऱ्याचं मन फिरायच्या आत भिंत पाडायची, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं आणि कागद कापायचा कटर मागवला. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, की दुपारच्या झोपेच्या वेळी तोडफोड करायची नाही असा सोसायटीचा नियम आहे. अजून सकाळ असल्याचं त्यांना घड्याळ दाखवून सिद्ध करावं लागलं. मधुने गुडघे टेकून भिंत कापायला घेतली. शीलाकाकूंनी धूळ उडेल म्हणून चहाच्या कपांवर ताटल्या झाकल्या आणि नाकाला पदर लावला.

तेवढ्या गडबडीत योगिनीने बाबांचा हात धरला आणि त्यांना बेडरूममध्ये नेऊन एका खुर्चीवर बसवलं. स्वतः खाली कागदावर बसली. पलीकडे भिंत पडत होती.

"तिथे भिंत होती का गं?" गुणाजींनी हळूच विचारलं.

"होती."

"कसली?"

"काळी रेष, बाबा. जाड होती. किती दिवस झाले?"

"आधी कडा गेल्या. मग पेपर गेला. आता माणूस आहे, उजेड आहे, एवढं कळतं. बाकी सगळं पांढरं."

"मला का नाही सांगितलंत?"

गुणाजी पायाने कागद चाचपत राहिले. "तू दिवसभर रेषा काढतेस. संध्याकाळी घरी येऊन एकेक कागद मला दाखवतेस, बाबा हे बघा, बाबा ते बघा. तुला काय सांगू, की तुझी एक रेष मला दिसत नाही?"

योगिनीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि आता मात्र ती रडली. कुणाचं लक्ष नव्हतं, आणि लक्ष गेलं तरी लोकांना वाटलं असतं की मुलीला जुनं घर सोडायचं वाईट वाटतंय. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं. "उद्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एक शब्द ऐकून घेणार नाही मी."

"जाऊ."

"आणि बांधकाम होईपर्यंत जिथे भाड्याने राहायचं, ते घर घ्यायच्या आधी आपण दोघं आत चालून बघू. तुमच्या हाताला आवडलं तरच घ्यायचं."

गुणाजींचा हात पुन्हा बाजूला गेला, या वेळी त्याला तिचं डोकं लागलं आणि तो तिथेच राहिला. "तिथे स्टूल सरकवायचं नाही," ते म्हणाले.

"नाही सरकवणार."

"मग आण तो कागद."

जगन धावतच आला, पण बेडरूमच्या दाराशी थबकला आणि आत येऊ का म्हणून विचारलं. योगिनीने त्याच्याकडून कागद आणि पेन घेतलं, त्याला बाहेरच थांबायला सांगितलं आणि कागद बाबांच्या मांडीवर एका पाटाच्या आधाराने ठेवला. त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरून तिने सहीच्या जागेवर टेकवलं. गुणाजींनी त्या बोटाला पेन लावलं आणि आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, मध्ये कुठेही न थांबता. शेवटचं अक्षर कागदावरून उतरून पाटावर गेलं, आणि जगनला ते दिसायच्या आत योगिनीने कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.